टाकीचा कारभारी

दिसायला तो अगदीच सुमार. दोन मुठींएवढा काळा स्पंज, मधोमध वर निघालेला प्लॅस्टिकचा दांडा, बुडाशी जड पाया. तुर्भ्याला सेक्टर २१ मध्ये माझ्या ताईच्या घरी बाहेरच्या खोलीत तीन फुटी टाकी आहे, तिच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात तो उभा असतो. अंगावर तपकिरी गाळाचा थर, दांड्याच्या तोंडातून चोवीस तास बुडबुडे. घरी येणारा पाहुणा टाकीपुढे वाकतो तो माशांसाठी. एक शेंदरी ओरांडा, एक लाल टोपीचा पांढरा ओरांडा आणि डोळे बाहेर आलेला एक काळा मूर. तिघे गोल्डफिश काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि पाहुणा हरखून जातो. कोपऱ्यातल्या काळ्या गोळ्याकडे लक्ष गेलंच तर विचारणं होतं, "हे घाणेरडं काय ठेवलंय? काढून टाका की, टाकी छान दिसेल." त्यावर ताईच्या सासूबाई ठामपणे सांगतात, "तो आमच्या टाकीचा कारभारी आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही."

त्या घरात मी जेव्हा जेव्हा जाते तेव्हा मासे बघून झाल्यावर त्याच्याकडे बघत बसते. त्याच्याइतकं सलग काम करणारं त्या घरात दुसरं कोणी नाही.

त्याच्या पोटात ना मोटर, ना पंखा. मोटर बाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवलेली. वीज गेली तर नळीतून पाणी उलटं येऊन मोटरमध्ये शिरू नये म्हणून उंच. ती फक्त हवा ढकलते. पातळ नळीतून आलेली हवा दांड्यात शिरते, बुडबुडे होऊन वर चढते आणि जाताना बरोबर पाणी ओढून नेते. ती जागा भरायला चहूबाजूंचं पाणी स्पंजच्या छिद्रांतून आत येतं. एवढीच यंत्रणा. येता येता विष्ठा, न खाल्लेल्या दाण्यांचा भुगा, पानांचे तुकडे त्याच्या अंगाला चिकटतात. बघणाऱ्याला वाटतं, गाळणी आहे झालं. पण गाळणं हे त्याचं जोडकाम. मुख्य काम डोळ्यांना दिसत नाही, आणि तेच कळलं नाही म्हणून घरोघरी गोल्डफिश मरतात.

गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं थेट लांबलचक आतड्यात जातं, त्यामुळे पोट भरलं असं त्याला फारसं वाटतच नाही. दिवसभर तो काहीतरी हुंगत, चघळत, थुंकत असतो. जेवढं खातो त्या मानाने घाणही मोठी करतो. त्यातली विष्ठा आपल्याला दिसते. अमोनिया दिसत नाही, कारण तो बहुतांशी कल्ल्यांतून थेट पाण्यात विरघळतो. पाणी तळापर्यंत नितळ असावं आणि त्याच पाण्याने माशाचे कल्ले भाजत असावेत, असं सहज होऊ शकतं. टाकी 'स्वच्छ' आहे या शब्दावर माझा म्हणूनच विश्वास नाही.

त्या काळ्या स्पंजच्या लाखो छिद्रांच्या भिंतींवर जीवाणूंची वस्ती असते. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशाला घातक. तिसरं बरंच सोसण्याजोगं, आणि तेही आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की हद्दीत राहतं. ताईने टाकीच्या कडेला मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली आहेत, ती थोडं नायट्रेट शोषतात. अमोनिया खाऊन जगणारे हे जीव सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये झुरिकला पहिल्यांदा वेगळे करून दाखवले. पुढे शंभराहून अधिक वर्षं सगळे मानत राहिले की हे काम दोन टप्प्यांत दोन वेगळ्या जातीच करतात. २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की नायट्रोस्पायरा कुळातले काही जीवाणू दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. त्यातल्या नेदरलँड्सच्या गटाला हे जीव सापडले ते मासे वाढवण्याच्या टाक्यांना जोडलेल्या गाळणीत. म्हणजे आमच्या कारभाऱ्याच्याच भाऊबंदांत. नेरूळ, वाशी, ऐरोलीला नवी मुंबई महापालिकेची जी मलप्रक्रिया केंद्रं आहेत, तिथे शहराच्या सांडपाण्यावर राबतात तेही याच जमातीचे जीव. फरक एवढाच की तिथे त्यांच्या दिमतीला अभियंते आहेत आणि इथे माझी ताई.

ही वस्ती बसायला वेळ लागतो, साधारण चार ते सहा आठवडे. दुकानातून टाकी, स्पंज आणि मासे एकाच दिवशी घरी आणले तर स्पंज अजून रिकामा असतो. जागेवर उभा, पण कामाला कोणी नाही. पहिले काही दिवस सगळं छान चालतं. मग अमोनिया चढतो, तो उतरू लागतो तोवर नायट्राइट चढतं, आणि लोक म्हणतात, "मासे आम्हाला लाभत नाहीत." लाभण्याचा इथे काही संबंध नाही. महिनाभर आधी टाकी माशांविना चालवावी, चिमूटभर खाणं कुजायला टाकावं म्हणजे जीवाणूंना अमोनिया मिळतो, आणि मग एकेक करून मासे आणावेत. इतका धीर धरला तर पुढची दहा-पंधरा वर्षं मिळतात. नीट ठेवलेला गोल्डफिश एवढा जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा एक मासा १९९९ पर्यंत जगला होता, त्रेचाळीस वर्षं.

कारभाऱ्याचा स्वभाव शांत, पण काही गोष्टी त्याला अजिबात चालत नाहीत. पहिली, नळ.

नवी मुंबईचं बरंचसं पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून येतं. धावरी नदीचं ते पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होतं आणि घरापर्यंत निर्जंतुक पोचावं म्हणून त्यात क्लोरीन असतो. आपल्या लेकरांना जो जुलाबापासून वाचवतो तोच क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि स्पंजमधली वस्ती मारतो. म्हणून ताई बदलायचं पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवते, शिवाय अँटिक्लोरीनचे थेंब घालते. नुसतं ठेवून क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन जात नाही. आणि स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत. दोन-तीनदा हलकेच दाबायचा, गढूळ पाणी निघालं की पुरे. साबणाने, नळाच्या धारेखाली लख्ख धुतलेला स्पंज म्हणजे रिकामी केलेली वस्ती. एकदा पाहुण्या आलेल्या काकूंनी प्रेमाने त्याला नळाखाली न्यायला उचललं तेव्हा भाच्याने धावत जाऊन तो त्यांच्या हातातून घेतला होता. "काकू, त्याच्यात माणसं राहतात!" असं तो म्हणाला, आणि त्याला कोणी दुरुस्त केलं नाही.

दुसरी गोष्ट, औषध. मासा जरा मलूल दिसला की दुकानात निळं औषध मिळतं, मिथिलीन ब्लू. त्याचे उपयोग आहेत, पण ते मुख्य टाकीत ओतलं तर स्पंजमधले जीवाणूही मरतात. म्हणजे एका आजारावर इलाज करताना अमोनियाचा दुसरा आजार आपणच घरात घेतो. एकट्या माशाला औषध द्यायचं तर वेगळ्या टबात, तिथे नुसत्या हवेच्या नळीवर, रोज पाणी बदलत.

तिसरी गोष्ट तुर्भ्यात राहणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी. मोटर खोलीतलीच हवा टाकीत ढकलते. पावसाळ्यात पालिकेचं धुरीकरणाचं यंत्र इमारतीखाली येतं, संध्याकाळी घराघरांत डासांची कॉइल आणि फवारे सुरू होतात. डास मारणाऱ्या या औषधांपैकी पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं माणसाला कमी पण माशांना फार विषारी असतात. धुरीकरणाच्या यंत्राचा आवाज ऐकू आला की ताई खिडक्या लावते, टाकीवर झाकण आणि ओला पंचा टाकते आणि धूर विरेपर्यंत थोडा वेळ मोटर बंद ठेवते. रंगकाम, वॉर्निश यांच्या वासालाही हाच नियम.

चौथी गोष्ट म्हणजे शांतता. वीज गेली, घरघर थांबली, की सासूबाई आधी टाकीकडे बघतात आणि मग पंख्याकडे. मे महिन्यात ही काळजी अगदी खरी ठरते. गोल्डफिश मुळात चीनच्या थंड पाण्यातला. त्याला अठरा ते तेवीस अंश मानवतात. तुर्भ्यात पारसिकच्या डोंगराकडून तापलेला वारा येतो तेव्हा टाकीचं पाणी तीस अंशांच्या पुढे सरकतं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाची भूक आणि प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यातल्या अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास दुप्पट होतो. सगळं एकदम उलटं फिरतं. तसा गोल्डफिश बर्फाखालच्या तळ्यात प्राणवायूविना बरेच दिवस जगू शकतो. शरीरातल्या साखरेचं मद्यार्कात रूपांतर करून तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, आणि ते नेमकं कसं, हे २०१७ मध्ये नॉर्वे आणि इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी उलगडलं. पण ही करामत थंडीतली, जेव्हा त्याचं शरीर अगदी मंद चालतं. मे महिन्यातल्या बंद खोलीत ती कामाची नाही. म्हणून बॅटरीवर चालणारी एक छोटी मोटर कपाटात तयार असते, आणि गोठवलेली पाण्याची बाटली तरंगत सोडायची सवय आहे, तीही एकेक करून, कारण पाणी एकदम गार झालं तर त्याचाही आघात होतो. त्या दिवसांत खाणं निम्मं.

कारभाऱ्याला तोंड नाही. त्याचं काय बिनसलंय ते माशांच्या अंगावर वाचावं लागतं. ताई सकाळी खाणं टाकण्याआधी टाकीपुढे उभी राहते तेव्हा ती आधी पाठीवरचा पर बघते. पर ताठ, अंगावर तकाकी, माणूस दिसताच तिघे पुढे, म्हणजे ठीक. पर मिटून अंगाला चिकटलेले, मासा तळाशी कोपऱ्यात, म्हणजे काहीतरी आहे. मग तिचा पहिला प्रश्न असतो: सगळे की एकटा? तिघांचंही एकाच दिवशी बिघडलं तर आधी पाणी तपासायचं. एकाचंच बिघडलं तर त्या माशाकडे बघायचं. मासे पाळण्याबद्दल मी ऐकलेल्या सगळ्या सल्ल्यांमध्ये हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो पाळला तर निम्मी औषधं दुकानातच राहतील.

सगळेच पृष्ठभागाशी येऊन हवा गिळू लागले, किंवा सगळेच दगडांना अंग घासत सटकन वळू लागले, तर तपासणीच्या बाटलीतले थेंब काढायचे. नळकांडीतलं पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हिरवट झालं तर त्याच दिवशी तीसेक टक्के पाणी बदलायचं आणि खाणं बंद. गोल्डफिश काही दिवस उपाशी राहिला तर त्याचं काही बिघडत नाही, घाबरून चारणाऱ्यामुळे मात्र बिघडतं. परांत लाल शिरा उमटणं हेही पुष्कळदा खराब पाण्याचं लक्षण. पुढे पाणी सुधारल्यावर अंगावर काळे डाग येतात, ते बघून लोक हादरतात. ते बहुधा भाजलेली कातडी भरून येत असल्याचे असतात. नायट्राइटचं विष आणखी फसवं. ते रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहायची ताकद काढून घेतं, रक्त तपकिरी होतं, आणि भरपूर बुडबुडे चालू असतानाही मासा धापा टाकतो. इथे खडे मीठ कामी येतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवतं. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे दीडशे लिटरच्या टाकीला दीडशे ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून तासातासाने थोडं थोडं. खाडीपलीकडे भांडुप-मुलुंडला ज्या मिठागरांवर ते पिकायचं, तसलं साधं, आयोडीन न घातलेलं मीठ.

एकाच माशाचं दुखणं असलं तर गोष्ट निराळी. अंगावर मिठाचे कण विखुरल्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो परजीवी असतो. ठिपका कातडीखाली असेतो त्याला औषध पोचत नाही. तो गळून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिलं होतात, आणि ती पाण्यात मोकळी पोहत असतानाच औषधाने मरतात. म्हणून ठिपके गेले तरी इलाज थांबवायचा नाही, आणि हा एक आजार असा की इलाज साऱ्या टाकीचाच करावा लागतो. मीठ लिटरला दोन-तीन ग्रॅमपर्यंत हळूहळू वाढवलं तर कारभाऱ्याला ते सहसा सोसतं. मात्र आधी नीट बघावं. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या कडेला ओळीने असतील तर तो आजार नव्हे, नर वयात आलाय. त्या आनंदाच्या खुणेवर औषध ओतलेलं मी पाहिलं आहे.

कापसासारखा पुंजका दिसला तर बुरशी, बहुधा आधीच्या जखमेवर. शेपटीच्या कडा झिजून फाटल्यासारख्या झाल्या तर परकूज. विष्ठेची पांढरी लांब दोरी लोंबत असली आणि भूक मेली असली तर पोटात काहीतरी आहे.

पोट वर करून तरंगणारा मासा बघवत नाही. हा त्रास ओरांडासारख्या आखूड अंगाच्या जातींना अधिक होतो, आणि त्यात माणसाचा वाटा आहे. चीनमध्ये हजारेक वर्षं लोकांनी निवडून निवडून हा मासा गोल केला. आतडं आणि हवेची पिशवी त्या लहानशा पोटात दाटीवाटीने बसली. आपण त्याला असा घडवला, तर त्याच्या पोटाची काळजी आपल्यावर येते. ताई कोरडे दाणे आधी पाण्यात भिजवते म्हणजे ते वर तरंगत नाहीत आणि खाताना मासा हवा गिळत नाही. आठवड्यातून एकदा मटार. इथून जवळच्या वाशीच्या बाजारात हिवाळ्यात ढिगाने मिळणारा, उकडलेला, साल काढून चिमटीत कुस्करलेला. काही मासे तरीही तिरकेच पोहतात आणि तसेच वर्षानुवर्षं सुखाने खातात. त्यांना त्यांच्या तिरकेपणासह सांभाळावं.

एक लक्षण ताईला घाबरवतं. खवले उभे राहून अंग फुगणं. आत पाणी साठलेलं असतं, मूत्रपिंडं बहुधा गेलेली असतात, आणि खवले उठेपर्यंत उशीर झालेला असतो. वेगळा टब, मीठ, शांत काळोख, एवढं करावं. बहुतेक मासे यातून परत येत नाहीत, हे घरातल्या मुलांना खरं सांगावं. खवले उठण्याआधीचे आठ दिवस तो मासा मागे मागे राहत असतो, खाण्यावर उशिरा येत असतो. सकाळी दोन मिनिटं उभं राहायचं ते त्या आठ दिवसांसाठी.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी काचेचा गोल वाडगा घेऊन आल्या तेव्हा मी तिथेच होते. वाडग्यात जेमतेम तीन लिटर पाणी, त्यात बोटाएवढे दोन गोल्डफिश, दोघेही पृष्ठभागाशी. "कालच आणले हो ताई, पोराने हट्टच धरला." वाडग्याचं तोंड अरुंद, हवा लागायला जागा नाही, कारभाऱ्याला उभं राहायला जागा नाही. रोम शहराने २००५ मध्ये असे वाडगे वापरायला बंदी केली आणि ते योग्यच केलं. हा मासा वीतभर वाढतो. पहिल्याला पाऊणशे लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला चाळीसेक लिटर धरावेत. ताईने वहिनींना दुखावलं नाही. घरातला चाळीस लिटरचा निळा टब काढला, मुरवलेलं पाणी भरलं, जास्तीची मोटर दिली. तिच्या स्वतःच्या माशांत तिने त्यांना घेतलं नाही, आणि तेही बरोबरच. हे मासे पुष्कळदा चेन्नईच्या कोळत्तूरकडून किंवा बंगालच्या तळ्यांतून पिशव्यांत बंद होऊन आलेले असतात, वाटेत काय काय लागलंय ते तीन-चार आठवडे वेगळं ठेवल्याशिवाय कळत नाही. मग तिने कात्री घेतली आणि कारभाऱ्याचा एक चतकोर कापून वहिनींच्या टबात ठेवलेल्या कोऱ्या स्पंजवर दोऱ्याने बांधला. दुधाला विरजण लावावं तसं. नव्या स्पंजला ज्या वस्तीसाठी महिना लागला असता ती बरीचशी त्या दिवशीच चालू झाली.

आता खरं तर कारभारी म्हातारा झालाय. दाबला की पूर्वीसारखा उसळून भरत नाही, कडेचे तुकडे हातात येतात. ताईने टाकीत त्याच्या शेजारी एक नवा स्पंज उभा केलाय, त्याच मोटरला दुसरी नळी जोडून. नव्याला रंग चढेपर्यंत जुन्याला हलवायचं नाही असं ठरलंय, आणि नंतरही दोघे ठेवायचे, असं भाच्याचं म्हणणं आहे. फ्रिजच्या दारावर त्याने कागद लावलाय: जुना, महिन्याचा पहिला रविवार, नवा, तिसरा रविवार. दोघांना एकाच दिवशी धुवायचं नाही. खाली, वेगळ्या शाईत, मोटरचा रबर फाटला तर बदलायचा दुसरा रबर कुठल्या डब्यात आहे, तेही लिहिलंय.